एकाच श्रोत्याचा वर्ग: प्रिन्स्टन, १९९३

१९९३ च्या सुरुवातीला प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गणित विभागात पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी एक कोर्स जाहीर झाला: ‘कॅल्क्युलेशन्स ऑन एलिप्टिक कर्व्ह्ज’. शिकवणार होते अँड्र्यू वाइल्स. नावावरून काही म्हणजे काही कळू नये असं नाव. आपल्याकडे एखाद्या सरांनी ‘त्रिकोणमितीतली काही उदाहरणं’ म्हणून जादा तास लावावा, तसं. विद्यार्थी आले, काही आठवडे बसले, मग एकेक करून यायचे बंद झाले. शेवटी समोर एकच माणूस उरला, आणि तो विद्यार्थी नव्हताच. ते होते निक कॅट्झ, त्याच विभागातले प्राध्यापक.

हे सगळं ठरवून केलं होतं. फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची (घात २ पेक्षा मोठा असेल तर अⁿ + बⁿ = कⁿ हे समीकरण धन पूर्ण संख्यांत सुटत नाही) सिद्धता त्या कोर्सच्या आडून तपासली जात होती. तपासणी रीतसर पार पडली आणि चूक तेवढी निसटली. वाइल्स यांच्या चिकाटीची गोष्ट म्हणून हा प्रसंग शंभरदा सांगून झाला आहे. मला त्यातला हा वर्गच पाहायचा आहे. सेमिनार म्हणून तो कुठे फसला?

आधी शब्दांचा एक घोळ. ‘संख्याशास्त्र’ म्हटलं की लोक स्टॅटिस्टिक्स समजतात आणि ‘अंकशास्त्र’ म्हटलं की आपली जन्मतारीख सांगायला लागतात. म्हणून पूर्ण संख्यांच्या गणिताच्या या शाखेला इथे नंबर थिअरीच म्हणतो. सेमिनार आणि कोर्स यांतला फरकही सोडून देऊ. पीएचडीच्या पातळीवर दोन्हींत एक जण फळ्यावर लिहितो, बाकीचे उतरवून घेतात, आणि कोणीतरी मधेच ‘थांबा, हे कसं आलं?’ म्हणून अडवतं. ते अडवणंच महत्त्वाचं. बाकीचं पुस्तकातही मिळतं.

पार्श्वभूमी, थोडक्यात

फर्माने समासात काय लिहून ठेवलं ते बहुतेकांना ठाऊक असतं: या प्रमेयाची सिद्धता माझ्याकडे आहे, पण समासात जागा पुरत नाही. १९८६ मध्ये केन रिबेट यांनी दाखवलं की तानियामा-शिमुरा अटकळ (एलिप्टिक कर्व्ह आणि मॉड्युलर फॉर्म यांना जोडणारं, तेव्हा सिद्ध न झालेलं विधान; उदाहरण पुढे येईल) खरी ठरली तर फर्माचं प्रमेय आपोआप खरं ठरतं. ते ऐकून वाइल्स घराच्या पोटमाळ्यावरच्या अभ्यासिकेत जाऊन बसले आणि जवळजवळ सात वर्षं त्यांनी बायकोखेरीज कोणाला काही सांगितलं नाही. लोकांना संशय येऊ नये म्हणून जुनं, तयार असलेलं संशोधन थोडं थोडं करून छापत राहिले.

पहिली काही वर्षं त्यांनी इवासावा सिद्धांत या नंबर थिअरीतल्याच एका तंत्राच्या वाटेने जाऊन पाहिलं, जमलं नाही. १९९१ च्या उन्हाळ्यात बॉस्टनच्या एका परिषदेत त्यांचे जुने गाइड जॉन कोट्स भेटले. आपला मॅथियास फ्लाख नावाचा विद्यार्थी कोलिवागिन या गणितज्ञांची मोजणीची पद्धत पुढे नेतोय, असं त्यांनी बोलता बोलता सांगितलं. वाइल्सनी जुनी वाट सोडली आणि ही धरली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९३ च्या जानेवारीत मात्र त्यांना वाटलं की आता दुसऱ्या कोणीतरी हे पाहायला हवं. फ्लाखच्या पद्धतीतली यंत्रणा त्यांच्या रोजच्या सरावातली नव्हती. त्यांनी कॅट्झना आपल्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि सांगितलं. कॅट्झ चकित झाले. पण काम इतकं अवाढव्य होतं की अधूनमधून खोलीत बसून ‘जरा हे बघ’ म्हणण्यासारखं नव्हतं. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी, पायरीपायरीने मांडायला हवं होतं. दोन प्राध्यापक महिनोन्महिने एका खोलीत फळा भरताना दिसले तर कुजबूज होणारच. म्हणून कोर्स.

फळ्यावर काय होतं

तानियामा-शिमुरा म्हणजे काय, हे एका उदाहरणाने हाताला लागतं. य² + य = क्ष³ − क्ष² हा एलिप्टिक कर्व्ह घ्या. आता फक्त ० आणि १ असे दोनच आकडे आहेत असं धरा. २ आले की ते पुन्हा ०. य शून्य असो की एक, डावी बाजू ० येते (१ + १ = २, म्हणजे ०). उजवी बाजूही दोन्ही वेळा ०. म्हणजे चारही जोड्या चालतात, आणि अनंताचा एक बिंदू धरून पाच. आता २ + १ मधून ५ वजा करा: −२.

३ साठी तेच. क्ष ० किंवा १ असताना उजवी बाजू ०, य ० किंवा २ असताना डावी बाजू ०. झाल्या चार जोड्या. क्ष २ असताना उजवीकडे १ येतो आणि डावीकडे १ कधीच येत नाही. पुन्हा एकूण पाच बिंदू. ३ + १ − ५ = −१.

आता हे सगळं विसरा आणि एक लांबलचक गुणाकार घ्या: त गुणिले (१ − त)²(१ − त²)²(१ − त³)²… आणि त्याला पुन्हा गुणिले (१ − त¹¹)²(१ − त²²)²… कंस सोडवले की येतं: त − २त² − त³ + २त⁴ + त⁵ + … त² चा सहगुणक −२. त³ चा −१. ५ चं गणित वाचकांनी करून पाहावं, पाच मिनिटांचं काम आहे. त⁵ चा सहगुणक १ आहे, तेवढंच यायला हवं. हा गुणाकार म्हणजे एक मॉड्युलर फॉर्म. कर्व्हवरचे बिंदू मोजून येणारे आकडे आणि या फॉर्मचे सहगुणक जुळतात. असा फॉर्म प्रत्येक कर्व्हला सापडतो, हे अटकळीचं म्हणणं. या एका कर्व्हपुरतं ते आधीपासूनच माहीत होतं. वाइल्सना कर्व्हच्या एका अख्ख्या मोठ्या प्रकारासाठी ते एकदम सिद्ध करायचं होतं.

त्यांच्या योजनेत शेवटी सगळं एका मोजणीवर येऊन ठेपत होतं. सेल्मर गट नावाची एक वस्तू आहे, तिचा आकार एका ठरावीक संख्येपेक्षा मोठा नाही हे दाखवायचं. फ्लाखच्या पद्धतीने काय मिळत होतं? एक अमुक संख्या अशी आहे की तिने गुणलं की गटातला प्रत्येक घटक शून्य होतो. दोन्हींत फरक आहे. ५ ने गुणून सगळं शून्य होतं एवढंच कळलं तर गटात ५ घटक असतील, २५ असतील, १२५ ही असतील. आकार कळायला फ्लाखकडे होता तसा एक घटक पुरत नाही. एकमेकांत नीट बसणाऱ्या घटकांची अख्खी मालिका लागते. तिला ऑयलर सिस्टिम म्हणतात. वाइल्सनी ती उभी केली होती, किंवा तसं त्यांना वाटत होतं. कॅट्झनी तपासायची ती हीच जागा.

आता त्या वर्गातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या जागी बसून पाहा. फळ्यावर एकामागून एक आकडेमोड चालू आहे. कुठे जायचंय ते सर सांगत नाहीत. फर्माचा उल्लेख नाही, तानियामा-शिमुराचा नाही. गाइड विचारतो आहे तुझ्या प्रॉब्लेमचं काय झालं. कोण थांबेल? कॅट्झनी पुढे स्वतःच सांगितलं की कशासाठी चाललंय हे माहीत नसेल तर असलं काही समजत राहणं अशक्य, आणि माहीत असलं तरी सोपं नाही. विद्यार्थी गळणार हे धरूनच चाललं होतं.

कोर्स संपला. कॅट्झना काही वावगं दिसलं नाही. त्यांच्या मते पद्धत चालत होती. गंमत म्हणजे तेव्हा सिद्धता पुरीही नव्हती. कर्व्हच्या एका कुटुंबाचा प्रश्न अडलेला होता, तो मे महिन्यात बॅरी मेझर यांचा एक लेख वाचताना सुटला: ३ या मूळ संख्येने जिथे अडतं तिथे ५ वर जायचं आणि तिथून परत यायचं. मग २१, २२ आणि २३ जूनला केंब्रिजच्या आयझॅक न्यूटन इन्स्टिट्यूटमध्ये तीन व्याख्यानं झाली, आणि तिसऱ्याच्या शेवटी फळ्यावर फर्मा. पुढचे काही दिवस वर्तमानपत्रांत तेच.

उन्हाळ्यातले प्रश्न

सुमारे दोनशे पानांचं हस्तलिखित ‘इन्व्हेन्शिओनेस’ या नियतकालिकाकडे गेलं. संपादक मेझर. त्यांनी ते सहा परीक्षकांत वाटलं. तिसरं प्रकरण आलं कॅट्झकडे, म्हणजे बराचसा तोच माल जो त्यांनी वर्गात बसून ऐकला होता.

या वेळी त्यांनी ऐकलं नाही, वाचलं. जुलै-ऑगस्ट पॅरिसमध्ये, फ्रेंच गणितज्ञ ल्यूक इलुझी यांच्यासोबत, ओळ न् ओळ. जिथे अडलं तिथे वाइल्सना ईमेल. बहुतेक प्रश्नांना त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी उत्तर यायचं आणि पुढे सरकायचं. ऑगस्टच्या अखेरीस असाच एक प्रश्न गेला. उत्तर आलं, कॅट्झचं समाधान झालं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर आलं, तरी नाही. त्या बारीकशा प्रश्नाखाली भगदाड निघालं: ऑयलर सिस्टिमची ती मालिका हवी तशी उभी राहतच नव्हती. आकाराची मर्यादा मिळत नव्हती, म्हणजे मोजणी नाही, म्हणजे सिद्धता नाही.

तोच माणूस. तोच मजकूर. वसंतात दिसलं नाही, उन्हाळ्यात दिसलं.

मला यात दोन कारणं दिसतात. पहिलं सोपं आहे. फळ्यावरचं गणित बोलणाऱ्याच्या वेगाने चालतं. तो एक ओळ लिहितो, हात पुढे सरकतो, ऐकणाऱ्याचं डोकं त्या हाताच्या मागे. डावीकडचा फळा पुसला गेला की शंका त्याच्याबरोबर गेली. कागदावरची ओळ मात्र तुमच्याकडे बघत बसते, आणि ईमेलमधून विचारलेल्या प्रश्नाला मान डोलावून, ‘हां, ते आपलं नेहमीचंच’ म्हणून उत्तर देता येत नाही. लिहावं लागतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, पण ते सिद्ध करता येणार नाही. वर्गात उरलेले दोघेही जाणकार होते, आणि दोघांनाही गाडी कुठे जाणार हे माहीत होतं. जाणकार जाणकाराला सगळं विचारत नाही. ‘हे याने पाहिलंच असेल’ हा सौजन्याचा भाग असतो आणि वेळ वाचवण्याचाही. ज्याला मुक्काम माहीत आहे तो रस्त्यातला खड्डा डोळ्यांआड करतो, कारण त्याला पोचायची घाई असते.

इथे माझा एक जुना, किरकोळ अनुभव सांगतो. पुण्यात शिकत असताना आम्ही काही जण दर गुरुवारी नंबर थिअरीचा सेमिनार करायचो. माझ्या पाळीला मी ते नेहमीचं उदाहरण घेतलं: ६ म्हणजे २ × ३, आणि ६ म्हणजे (१ + √−५)(१ − √−५) सुद्धा, म्हणजे या संख्याविश्वात अवयव पाडण्याची एकच एक रीत राहत नाही. ‘हे स्पष्टच आहे’ म्हणून पुढे निघालो. मागच्या बाकावर अप्लाइड मॅथ्सची एक मुलगी चहाची वेळ होईपर्यंत बसायचं म्हणून बसली होती. तिने विचारलं, “पण १ + √−५ चे आणखी तुकडे पडत नाहीत कशावरून? पडले तर आतून तेच अवयव निघतील की.” मी खडू धरून उभा. उत्तर दोन ओळींचं आहे: तुकडा पडायचा तर त्याची नॉर्म (अ + ब√−५ ची नॉर्म म्हणजे अ² + ५ब²) २ किंवा ३ हवी, आणि अ² + ५ब² ची किंमत २ किंवा ३ कधी होत नाही. पण ते मी पाहिलेलंच नव्हतं. माझे मित्र, ज्यांना हे उदाहरण पाठ होतं, त्यांपैकी कोणीही ते विचारलं नसतं. त्यांना शेवट माहीत होता.

माझं उत्तर निघालं, वाइल्स यांचं निघालं नाही. तुलना एवढ्यावरच थांबवतो. त्या कोर्सला विद्यार्थी टिकले असते तर त्यांना चूक सापडली असती, असं मी म्हणत नाही. जवळजवळ नक्कीच सापडली नसती. पण त्यांनी वेग कमी केला असता. ‘ही मालिका एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेमकी कशी जाते, एक उदाहरण करून दाखवा ना’ असं कोणी म्हटलं असतं, तर वाइल्सना ते मोठ्याने बोलावं लागलं असतं. न कळणाऱ्याला समजावताना स्वतःच्याच तोंडून भलतं ऐकू येतं. शिकवणाऱ्या कोणालाही विचारा.

मग गुप्तता चुकली का? वाइल्सच्या बाजूनेही पाहायला हवं. कोर्सचं खरं नाव लावलं असतं तर वर्ग भरला असता, चार दिवसांत बातमी फुटली असती आणि प्रत्येक तास म्हणजे जाहीर परीक्षा झाली असती. तशा खोलीत कोणी साधा प्रश्न विचारत नाही. सगळे हुशार प्रश्न विचारतात. एक मधली वाट होती असं मला वाटतं: हस्तलिखित आधी आणि व्याख्यान नंतर, आणि कॅट्झच्या जोडीला या पद्धतीशी रोजचा संबंध नसलेला एखादा वाचक. पॅरिसमध्ये नेमकं तेच घडलं, फक्त जगाला सांगून झाल्यावर. हे मी तीस वर्षांनंतर खुर्चीत बसून म्हणतोय, हे मान्य आहे.

दुसरा कोर्स

१९९३ चा हिवाळा वाईट गेला. हस्तलिखित बाहेर येत नाही म्हटल्यावर चर्चा सुरू झालीच होती. ४ डिसेंबरला वाइल्सनी सगळ्यांसाठी एक छोटा ईमेल टाकला: परीक्षणात काही अडचणी निघाल्या, बहुतेक सुटल्या, सेल्मर गटाच्या आकाराची नेमकी वरची मर्यादा काढण्याचं काम मात्र अजून अपुरं आहे. त्या ईमेलचा शेवट फारसा कोणी उद्धृत करत नाही. तिथे त्यांनी सांगितलं की फेब्रुवारीपासून प्रिन्स्टनमधल्या माझ्या कोर्समध्ये या कामाचा पूर्ण वृत्तान्त देईन.

पुन्हा कोर्स. या वेळी उद्देश लपवलेला नाही, भोक कुठे आहे तेही आधीच सांगितलेलं.

जानेवारी १९९४ मध्ये केंब्रिजहून रिचर्ड टेलर येऊन मिळाले, वाइल्सचे जुने विद्यार्थी. दोघांनी ऑयलर सिस्टिम दुरुस्त करून पाहिली, नाही झाली. मग २ ही मूळ संख्या घेऊन वेगळी वाट काढून पाहिली, तीही ऑगस्टच्या अखेरीस बंद पडली. वाइल्स सोडून द्यायच्या बेतात होते. टेलरना मात्र अजून पटलं नव्हतं की पहिली वाट खरोखरच मेलेली आहे. निदान ती नेमकी कुठे मोडते ते नीट लिहून काढावं, म्हणून सप्टेंबरमध्ये वाइल्स पुन्हा तेच कागद घेऊन बसले.

सोमवार, १९ सप्टेंबर. फ्लाखची पद्धत का चालत नाही हे पाहता पाहता त्यांना दिसलं की जे तिच्या आड येतंय तेच १९९१ मध्ये सोडून दिलेल्या इवासावाच्या वाटेला हवं होतं. एक जिथे अपुरी पडत होती तिथे दुसरी बसत होती. ऑयलर सिस्टिम सगळी निघून गेली.

या सिद्धतेतल्या गणिताची भाषा तेव्हा मोजक्या लोकांना येत होती, आज जगभरातल्या विद्यार्थ्यांच्या सेमिनारमध्ये ती शिकवली जाते. मुंबईचे चंद्रशेखर खरे यांनी १९९५ मध्ये कॅलटेकमधून पीएचडी केली. पुढे त्यांनी आणि जाँ-पिएर विंटेनबर्जर यांनी याच घराण्यातली हत्यारं वापरून सेर यांची अटकळ (मॉड्युलर फॉर्मबद्दलचीच आणखी एक) सिद्ध केली, ‘इन्व्हेन्शिओनेस’च्या २००९ च्या अंकांत ती छापून आली. त्यातून फर्माचं प्रमेय वेगळ्या वाटेने पुन्हा मिळतं.

वाइल्स यांची सिद्धता मे १९९५ मध्ये ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’च्या १४१ व्या खंडात आली, पानं ४४३ ते ५५१. पाठोपाठ पान ५५३ पासून ५७२ पर्यंत टेलर आणि वाइल्स यांचा जोडलेख आहे. १९९३ च्या त्या वर्गात जी जागा ऐकायची राहून गेली होती, तिच्या जागी ही वीस पानं आहेत.